ध्रुवीय रात्रीतील सहप्रवास

स्वालबार्ड हा नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर पसरलेला द्वीपसमूह आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६१,००० चौरस किलोमीटर असून निम्म्याहून अधिक भूभाग बारमाही हिमनद्यांखाली आहे. लॉंगयिअरब्येन हे इथले मुख्य गाव ७८ अंश १३ मिनिटे उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. तिथून ऑस्लो सुमारे २,००० किलोमीटर, तर उत्तर ध्रुव सुमारे १,३०० किलोमीटर आहे. गावात अडीच हजारांच्या आसपास माणसे राहतात आणि ती पन्नासहून अधिक देशांतून आलेली आहेत. अटलांटिक महासागरातला उबदार प्रवाह द्वीपसमूहाच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे याच अक्षांशावरच्या इतर प्रदेशांपेक्षा इथला हिवाळा सौम्य असतो. १९७५ मध्ये विमानतळ झाल्यापासून हे गाव वर्षभर जगाशी जोडलेले आहे. आर्क्टिकच्या इतक्या आत, ऐन हिवाळ्यात सर्वसामान्य प्रवासी नियमित विमानाने जाऊ शकेल अशा जागा फार थोड्या आहेत. लॉंगयिअरब्येन त्यांपैकी एक.

इथला हिवाळी प्रवास जवळपास नेहमी गटाने होतो. खर्च वाटून घेणे किंवा सोबत मिळणे एवढेच त्यामागचे कारण नाही. गावाची हद्द ओलांडली की रस्ता संपतो, बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही, ध्रुवीय अस्वल कुठेही भेटू शकते आणि अपघात झाला तर मदत हेलिकॉप्टरने यावी लागते. अशा ठिकाणी माणसांचा गट हीच सुरक्षेची पहिली व्यवस्था असते. प्रवासाचा हंगाम, कपडे, वाहन, चालण्याचा क्रम, थांबण्याच्या जागा हे सारे या एका गोष्टीभोवती ठरते.

अंधार, संधिप्रकाश आणि परतणारा सूर्य

लॉंगयिअरब्येनमध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य क्षितिजाखाली जातो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. या काळाला ध्रुवीय रात्र म्हणतात. तिच्यातही प्रकाशाच्या पायऱ्या असतात. सुरुवातीला आणि शेवटी दुपारच्या सुमारास काही तास निळसर संधिप्रकाश असतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरपर्यंत मात्र दुपारीही बाहेर वाचता येईल इतका उजेड नसतो. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ १२ अंश असतो. दिवस आणि रात्र यांतला फरक घड्याळापुरता उरतो. चंद्राचा क्रम याच्या उलट असतो. पौर्णिमेच्या आसपास तो सलग काही दिवस मावळतच नाही. हिमाच्छादित डोंगरांवर त्याचा प्रकाश पडला की दरीतली वाट दिव्याशिवाय ओळखू येते.

१६ फेब्रुवारीच्या सुमारास सूर्य पुन्हा क्षितिजावर येतो, पण गाव डोंगरांच्या कुशीत असल्याने त्याची किरणे गावात पोहोचायला ८ मार्च उजाडतो. त्या दिवशी मुले आणि मोठी माणसे जुन्या रुग्णालयाच्या उरलेल्या पायऱ्यांपाशी जमतात आणि ऊन पायऱ्यांवर पडण्याची वाट पाहतात. या निमित्ताने गावात आठवडाभर उत्सव चालतो. त्यानंतर दिवस रोज सरासरी वीस मिनिटांहून अधिक वाढतो आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून सूर्य मावळणेच थांबते. थंडी, बर्फ आणि ऊन तिन्ही असलेल्या मार्च-एप्रिलच्या काळाला स्थानिक लोक उजेडी हिवाळा मानतात. गटाने कोणत्या महिन्यात जायचे याचे उत्तर या दिनदर्शिकेतच आहे. ध्रुवीय प्रकाश आणि अंधाराचा अनुभव हवा असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी. निळ्या संधिप्रकाशातली निसर्गदृश्ये हवी असतील तर फेब्रुवारी. हिमनद्यांवरून लांबची मजल मारायची असेल तर मार्चपासून एप्रिलअखेरपर्यंतचा काळ.

हिवाळा काढणारे पहिले गट

विलेम बारेंट्स या डच दर्यावर्दीच्या मोहिमेला १५९६ च्या जूनमध्ये ही बेटे दिसली. पुढच्या शतकात इंग्रज आणि डच जहाजे देवमाशांच्या शिकारीसाठी इथे येऊ लागली, पण हिवाळ्यापूर्वी सगळी परत जात. इथे हिवाळा काढून माणूस जिवंत राहू शकतो, यावर कुणाचा विश्वास नव्हता.

१६३० मध्ये एडवर्ड पेलम आणि त्याचे सात सहकारी रेनडियरच्या शिकारीसाठी जहाजावरून उतरले. त्यांची आणि जहाजाची चुकामूक झाली आणि ते मागे राहिले. बेलसुंड इथल्या तेल काढण्याच्या मोठ्या लाकडी इमारतीच्या आत त्यांनी विटा आणि फळ्या वापरून दुसरी लहान खोली उभारली, जेणेकरून थोड्या जळणात ती ऊबदार राहील. रेनडियर, वॉलरस आणि अस्वल यांच्या मांसावर त्यांनी हिवाळा काढला. पुढच्या वर्षी जहाजे परतली तेव्हा आठही जण जिवंत होते. १६३३-३४ मध्ये सात डच खलाशांनी स्मेरेनबर्गला मुद्दाम मुक्काम केला आणि तेही वाचले. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तिथे राहिलेले सातही जण स्कर्व्हीने मेले.

सर्वांत मोठी शोकांतिका १८७२-७३ च्या हिवाळ्यात घडली. बर्फात जहाजे अडकल्यामुळे १७ नॉर्वेजियन शिकारी काप थोर्डसेन इथल्या एका भक्कम, नव्या घरात आश्रयाला गेले. घरात जळण आणि अन्नसाठा भरपूर होता. तरीही वसंत येईपर्यंत सगळे मरण पावले. स्कर्व्ही आणि आळस यांवर दीर्घकाळ ठपका ठेवला गेला. २००८ मध्ये अवशेष तपासल्यावर त्यांच्या हाडांत शिशाचे मोठे प्रमाण आढळले. डबाबंद अन्नाच्या डब्यांना शिशाचे डाग दिलेले होते आणि ते विष अन्नात उतरले होते. या साऱ्या घटनांतून एक गोष्ट दिसते. पेलमच्या गटाकडे जवळपास काहीच नव्हते, पण त्यांनी मिळून काम वाटून घेतले आणि ताजे मांस खाल्ले. काप थोर्डसेनच्या गटाकडे सारे काही होते, पण ज्या अन्नावर त्यांची भिस्त होती तेच दूषित निघाले. हिवाळ्यात बाहेरून येणारी मदत नसते, त्यामुळे तयारीतली एक चूक सगळ्या गटाला भोवते.

करार, व्हिसा आणि विमानतळ

स्वालबार्डचे कायदेशीर स्थान जगात वेगळे आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या कराराने नॉर्वेला या बेटांचे सार्वभौमत्व मिळाले. मात्र करारात सामील झालेल्या सर्व देशांच्या नागरिकांना इथे राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा समान हक्क राहिला. १४ ऑगस्ट १९२५ पासून करार अमलात आला. ब्रिटिश साम्राज्याच्या सह्यांमध्ये भारताच्या वतीने केलेली सहीही होती, त्यामुळे भारत आरंभापासून या कराराचा भाग आहे.

स्वालबार्डला जाण्यासाठी स्वतंत्र व्हिसा लागत नाही. पण विमान ऑस्लो किंवा ट्रॉम्सोहून सुटते आणि नॉर्वेची मुख्य भूमी शेंगेन क्षेत्रात आहे, तर स्वालबार्ड त्याच्या बाहेर. म्हणजे भारतीय पासपोर्टवर प्रवास करणारा माणूस बेटावर जाताना शेंगेनमधून बाहेर पडतो आणि परतताना पुन्हा आत येतो. म्हणून किमान दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा हवा. एकाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्या माणसाचा परतीचा मार्ग अडतो. गटाच्या संयोजकाने ही एक बाब प्रत्येकाच्या पासपोर्टवर स्वतः पाहिली पाहिजे. मुंबई-पुण्याहून नॉर्दर्न लाइट्स म्हणजे ध्रुवीय प्रकाश पाहायला जाणारे बहुतेक गट ट्रॉम्सो किंवा लॅपलँडपर्यंत जातात. त्याच प्रवासाला स्वालबार्ड जोडायचे झाले तर हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो.

गावाची रीत

लॉंगयिअरब्येन कोळशावर उभे राहिले. जॉन मन्रो लॉंगयिअर या अमेरिकन उद्योजकाच्या कंपनीने १९०६ मध्ये इथे खाण सुरू केली आणि गावाला त्याचेच नाव मिळाले. १९१६ मध्ये ती नॉर्वेच्या स्टोरे नोर्स्के कंपनीकडे गेली. कोळशावर चालणारे वीजकेंद्र २०२३ मध्ये बंद झाले आणि २०२५ मध्ये सातव्या क्रमांकाच्या खाणीतून शेवटचा कोळसा निघाला. खाणकामगारांच्या काही बराकींत आज प्रवाशांची निवासस्थाने आहेत. घरे खांबांवर उभी आहेत आणि पाण्याच्या, उष्णतेच्या नळ्या जमिनीवरून जातात, कारण खालची जमीन कायम गोठलेली आहे. घराच्या ऊबेने ती वितळली तर पाया खचतो.

खाणीच्या काळात कोळशाची धूळ घरात येऊ नये म्हणून दारातच बूट काढण्याची प्रथा पडली. ती अजून पाळली जाते. अनेक हॉटेलांत आणि संग्रहालयात पाहुणे मोज्यांवर वावरतात. तीस-चाळीस जणांचा गट एकदम दारात आला की बुटांची, जाड कपड्यांची आणि हातमोज्यांची मोठी रास लागते, म्हणून प्रत्येकाने आपल्या वस्तूंवर खूण करून ठेवणे उपयोगी पडते. दुकाने आणि सार्वजनिक इमारतींच्या दारांवर बंदूक आत न आणण्याची सूचना असते. गावात भरलेली बंदूक बाळगण्यास मनाई आहे. गावाच्या हद्दीवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अस्वलाची आकृती असलेली पाटी आहे. तिच्यावरचा इशारा संपूर्ण स्वालबार्डला लागू असल्याचे तिच्यावरच लिहिलेले आहे.

गावातील रुग्णालय लहान आहे. गंभीर रुग्णाला ट्रॉम्सोला हलवावे लागते आणि ते जवळजवळ हजार किलोमीटर दूर आहे. बाळंतपणासाठीही स्त्रिया आधीच मुख्य भूमीवर जातात. हृदयविकार, अनियंत्रित मधुमेह किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या प्रवाशाने याचा विचार आपल्या डॉक्टरांशी बोलून करावा. शोध आणि सुटका यांचा खर्च भरून निघेल असा विमाही आवश्यक आहे.

थंडीचा हिशेब

विमानतळावरील सर्वांत कमी तापमानाची नोंद ४ मार्च १९८६ ची आहे. त्या दिवशी पारा उणे ४६.३ अंश सेल्सिअसवर होता. अलीकडच्या हिवाळ्यांत बहुतेक दिवस उणे पाच ते उणे वीसच्या दरम्यान जातात. पण आकड्यापेक्षा वारा महत्त्वाचा. तापमान उणे २० अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला उणे ३३ अंशांइतकी थंडी लागते. स्नोमोबाइलवर बसल्यावर वेगामुळे हा वारा प्रवासी स्वतःच निर्माण करतो.

कपड्यांचे तीन थर घातले जातात. अंगालगत लोकरीचे पातळ कपडे, त्यावर ऊब धरणारा लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, आणि सर्वांत वर वारा अडवणारे कवच. सुती कपडे या थंडीत घातक ठरतात, कारण सूत घाम धरून ठेवते आणि ओले झालेले कापड अंगातली ऊब झपाट्याने काढून घेते. म्हणून चालताना घाम येऊ लागला तर थांबून एक थर काढायचा आणि विश्रांतीला थांबल्यावर लगेच घालायचा, हा नियम आहे. स्नोमोबाइलच्या सफरीसाठी आयोजक अंगभर एकसंध सूट, जाड बूट, चेहरा झाकणारी टोपी, शिरस्त्राण आणि बोटे एकत्र ठेवणारे मोठे हातमोजे देतात. कानांतले धातूचे दागिने आणि धातूच्या फ्रेमचा चष्मा थंडी थेट कातडीपर्यंत नेतात. फोनची बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या ऊबेत ठेवावी लागते. कॅमेरा उबदार खोलीत आणण्यापूर्वी पिशवीत बंद करावा लागतो, नाहीतर त्यावर बाष्प साचते.

हिमदंशाची पहिली खूण म्हणजे गाल, नाकाचा शेंडा किंवा कानाची पाळी यांवर उमटणारा मेणासारखा पांढरा ठिपका. तो ज्याच्या चेहऱ्यावर असतो त्याला दिसत नाही आणि बहुधा जाणवतही नाही, कारण तिथली संवेदना आधीच गेलेली असते. म्हणून गटातल्या माणसांच्या जोड्या लावतात. प्रत्येक थांब्यावर दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांचा चेहरा निरखतात. ठिपका दिसला तर त्या जागी उबदार उघडा तळवा दाबून धरतात. बर्फ चोळणे किंवा जोराने घासणे टाळतात, त्याने गोठलेल्या पेशींना इजा होते. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची असते, पण एकट्याने करता येत नाही.

अस्वलांच्या प्रदेशात

बारेंट्स समुद्राच्या परिसरात मिळून सुमारे ३,००० ध्रुवीय अस्वले असावीत असा अंदाज आहे, आणि त्यांतली साधारण ३०० स्वालबार्डच्या परिसरातच राहतात. १९७३ पासून इथे त्यांना पूर्ण संरक्षण आहे. अस्वल माणसावर हल्ला क्वचित करते, पण केला तर तो जीवघेणा असतो. २०११ मध्ये एका ब्रिटिश शालेय मोहिमेच्या तळावर अस्वल शिरले आणि एक तरुण मृत्युमुखी पडला. २०२० मध्ये विमानतळाजवळच्या तंबूतळावर झालेल्या हल्ल्यातही एकाचा मृत्यू झाला.

वस्तीबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाकडे अस्वलाला पळवून लावण्याचे योग्य साधन असले पाहिजे, असे कायदा सांगतो. मार्गदर्शकाकडे आवाजाची आणि प्रकाशाची गोळी उडवणारे पिस्तूल असते आणि शेवटचा उपाय म्हणून रायफल. थांब्याची जागा निवडताना तो आधी पुढे जाऊन भोवतालचा भाग पाहतो. उंच खडक, बर्फाचा ढीग, घळ अशा ज्यांच्या आड अस्वल लपू शकेल त्या जागा टाळतो. नैसर्गिक विधीसाठीही कुणी गटापासून दूर जात नाही. मार्गदर्शक दिशा ठरवून देतो आणि त्या बाजूला स्वतः नजर ठेवतो.

अस्वलाला शोधत जाणे, त्याचा पाठलाग करणे, त्याला आमिष दाखवणे किंवा विचलित करणे यांवर बंदी आहे. १ जानेवारी २०२५ पासून अंतराची किमान मर्यादाही लागू झाली. एरवी ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. वसंतात माद्या पिलांसह बाहेर पडतात आणि सीलच्या शिकारीचा हंगाम असतो. या दिवसांत विनाकारण पळावे लागले तर त्यांची साठवलेली शक्ती वाया जाते. एखादे अस्वल अचानक दिसले तर गटाने एकत्र राहून, वाहनांची दिशा बदलून शांतपणे दूर जायचे असते.

स्नोमोबाइल आणि स्लेज

लॉंगयिअरब्येन आणि आसपास मिळून रस्ता जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटर आहे, आणि एका वस्तीहून दुसऱ्या वस्तीला जोडणारा रस्ता कुठेच नाही. हिवाळ्यात दऱ्या आणि हिमनद्या याच वाटा होतात. रशियन खाणगाव बारेंट्सबर्ग आणि १९९८ मध्ये ओस पडलेले पिरामिडेन ही ठिकाणे अशाच वाटांनी गाठतात. स्नोमोबाइल चालवण्यासाठी वैध वाहन परवाना हवा. दारूच्या बाबतीत नियम मुख्य भूमीइतकेच कडक आहेत. स्थानिक रहिवासी नसलेल्यांना स्वतंत्रपणे वाहन चालवण्यासाठी ठरावीक क्षेत्रच खुले आहे. त्याबाहेर संघटित सफरीतच जावे लागते.

गट एका रांगेत चालतो. मार्गदर्शक पुढे असतो, नवखा चालक शक्यतो त्याच्या लगेच मागे आणि अनुभवी माणूस शेवटी. प्रत्येकाने पुढच्याच्या चाकोरीतून जायचे आणि मागच्याचा दिवा दिसतो आहे का हे पाहत राहायचे. मागचा दिसेनासा झाला की थांबायचे. मग त्याच्या पुढचा थांबतो, आणि असे करत निरोप रांगेच्या टोकापर्यंत पोहोचतो. वादळात किंवा ढगाळ उजेडात जमीन आणि आकाश यांचा रंग एक होतो, चढ-उतार कळत नाहीत, आणि दिशाही ओळखता येत नाही. अशा वेळी भरकटलेल्याने वाट शोधत न फिरता वाहनाजवळच थांबायचे असते, कारण शोधायला येणारे चाकोरीवरूनच येतात.

कुत्र्यांच्या स्लेजचा प्रवास सावकाश आणि अधिक अंगमेहनतीचा असतो. आडव्हेंटडालेन आणि बोल्टरडालेन या दऱ्यांत कुत्र्यांची आवारे आहेत. अलास्कन हस्की आणि ग्रीनलँडची कुत्री इथे पाळली जातात. बहुतेक सफरींत प्रवासी स्वतःच आपली स्लेज हाकतात. एक जण बसतो, दुसरा मागच्या धावपट्ट्यांवर उभा राहतो. पट्टे बांधण्याचे कामही प्रवाशांनाच शिकवतात. कुत्र्याला दोन पायांमध्ये धरून पट्टा आधी डोक्यावरून सरकवायचा, मग एकेक पुढचा पाय वाकवून त्याच्या फटीतून बाहेर काढायचा, आणि पट्टा धरून कुत्र्याला मागच्या पायांवर चालवत दोरीपर्यंत न्यायचे. चारही पाय जमिनीवर असलेला ताकदवान कुत्रा माणसाला ओढून नेतो. दोरीला जुंपली जाईपर्यंत कुत्री भुंकत आणि उड्या मारत असतात. बर्फात रोवलेला नांगर निघून ब्रेक सुटला की भुंकणे क्षणात थांबते आणि पुढे फक्त धावपट्ट्यांचा आवाज उरतो. हाकणाऱ्याला पाळायचा पहिला नियम म्हणजे काहीही झाले तरी हात सोडायचा नाही. पडला तरी दांडा धरून राहायचे, नाहीतर स्लेज आणि तीत बसलेला सोबती दोघेही दूर जातात. चढावर उतरून ढकलावे लागते, उतारावर ब्रेक दाबून स्लेज कुत्र्यांच्या पायांवर जाऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते.

दुपारच्या थांब्यावर गरम पाणी ओतून तयार होणारे सुके जेवण, बिस्किटे आणि ब्लॅककरंटचे गरम सरबत देतात. शाकाहारी पाकिटे मिळतात, पण ती आधी कळवावी लागतात. गावात मोठे किराणा दुकान एकच आहे आणि ताजा भाजीपाला विमानाने किंवा जहाजाने येतो. उपवास, कांदा-लसूण वर्ज्य, अंडी चालतात की नाही, अशा गोष्टी नोंदणीच्या वेळीच सांगितल्या तर सोय होते.

बर्फाचे धोके

१९ डिसेंबर २०१५ च्या सकाळी गावालगतच्या सुकरटोपन डोंगरावरून हिमस्खलन झाले. वादळाने रात्रभर साचवलेला बर्फ खाली येऊन ११ घरांवर आदळला आणि दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर धोक्याच्या पट्ट्यातली घरे हटवली गेली आणि उतारावर बर्फ रोखणारे अडथळे उभारले गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये संघटित स्नोमोबाइल सफरीतल्या दोन जर्मन पर्यटकांचा हिमनदीवरच्या हिमस्खलनात अंत झाला.

म्हणून गट निघण्यापूर्वी त्या दिवसाचा हिमस्खलन-अंदाज पाहिला जातो. तीव्र उताराखाली थांबत नाहीत. धोक्याची जागा ओलांडताना एकेक जण जातो आणि बाकीचे त्याच्यावर नजर ठेवतात. प्रत्येकाच्या अंगावर संकेत पाठवणारे ट्रान्सीव्हर असते आणि सामानात लांब सळई व फावडे असते. गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच असते. तेवढ्या वेळात बाहेरचे पथक पोहोचू शकत नाही. सोबत्यांनीच त्याला शोधून काढावे लागते. हिमनदीवर भेगांवर बर्फाचा पातळ पूल साचलेला असतो आणि समुद्राच्या बर्फावर प्रवाहामुळे मध्येच पातळ जागा असतात. दोन्ही ठिकाणी माहितगाराने आखलेल्या वाटेवरूनच जायचे असते.

दिवसा दिसणारा ध्रुवीय प्रकाश

सूर्यापासून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषांवरून वातावरणात उतरतात आणि ऑक्सिजन व नायट्रोजनला चेतवतात. ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश साधारण शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवर, तर लाल प्रकाश दोनशे किलोमीटरच्या वर निर्माण होतो. हे कण चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या वलयाकार पट्ट्यात उतरतात. रात्री हा पट्टा उत्तर नॉर्वेवरून जातो, म्हणून ट्रॉम्सोला रात्री प्रकाश दिसतो. दिवसाच्या बाजूला पट्टा ध्रुवाकडे सरकतो आणि स्वालबार्डच्या माथ्यावर येतो. इतर ठिकाणी त्या वेळी सूर्यप्रकाश असल्याने काही दिसत नाही. स्वालबार्डमध्ये डिसेंबरच्या दुपारीही आकाश काळे असल्याने दिवसाचा ध्रुवीय प्रकाश नुसत्या डोळ्यांनी पाहता येतो. त्यात लाल छटा तुलनेने अधिक असतात. याच कारणासाठी २००८ मध्ये ब्रेयनोसा डोंगरावर शेल हेन्रिक्सेन वेधशाळा उभारली गेली. गटासाठी यातला व्यावहारिक अर्थ असा की निरीक्षणाची वेळ रात्रीपुरती राखून ठेवण्याचे कारण नाही. आकाश निरभ्र असणे आणि गावाच्या दिव्यांपासून दूर असणे जास्त महत्त्वाचे आहे.

हिमाद्री

लॉंगयिअरब्येनच्या वायव्येला, शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, ७८ अंश ५५ मिनिटांवर न्यू-ओलेसुंद हे संशोधनगाव आहे. हेही एकेकाळी खाणगाव होते. ११ मे १९२६ रोजी रोआल अमुंडसेन आणि उम्बेर्तो नोबिले यांचे ‘नोर्गे’ हे हवाई जहाज उत्तर ध्रुवाकडे इथूनच निघाले. ते बांधून ठेवण्याचा मनोरा अजून उभा आहे. ५ नोव्हेंबर १९६२ च्या खाण-स्फोटात २१ कामगार दगावल्यानंतर इथली खाण बंद झाली.

१ जुलै २००८ पासून इथे भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्र आहे. ते गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र चालवते. सुरुवातीला भारतीय शास्त्रज्ञ उन्हाळ्यातच जात. डिसेंबर २०२३ मध्ये पहिली हिवाळी मोहीम निघाली आणि तिच्या पहिल्या तुकडीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचाही सहभाग होता. अंधारातले वातावरण, ढग, सूक्ष्म कण आणि आकाशातले रेडिओ संकेत यांच्या नोंदी उन्हाळ्यात मिळत नाहीत. आर्क्टिकच्या बदलांचा मोसमी पावसाशी असलेला संबंध तपासायचा तर वर्षभराच्या नोंदी हव्यात. हिवाळ्यात या गावात तीस-पस्तीस माणसे असतात. जेवण सर्वांचे एकाच भोजनगृहात होते. अस्वल आले तर कुणालाही जवळच्या इमारतीत शिरता यावे म्हणून दारांना कुलूप लावत नाहीत. रेडिओ दुर्बिणींच्या सूक्ष्म नोंदींत व्यत्यय येऊ नये म्हणून वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात.

बदलता हिवाळा

१९७० च्या दशकापासून स्वालबार्डचे सरासरी तापमान साधारण चार अंशांनी वाढले आहे. हा वेग जगाच्या सरासरीच्या अनेक पट आहे, आणि वाढ हिवाळ्यात सर्वांत जास्त आहे. पश्चिमेच्या फ्योर्डांत, म्हणजे अरुंद, खोल खाड्यांत, पूर्वीसारखा भक्कम बर्फ धरत नाही. ऐन हिवाळ्यात पाऊस पडतो, तो जमिनीवर गोठतो आणि रेनडियरचे खाद्य बर्फाच्या कवचाखाली अडकते. बर्फाच्या थरांत असे गुळगुळीत पापुद्रे तयार झाले की हिमस्खलनाचा धोकाही वाढतो. जगभरच्या बियाण्यांचा साठा जपण्यासाठी इथे २००८ मध्ये उघडलेल्या भांडाराच्या प्रवेशबोगद्यात २०१६ च्या शरदात पाणी शिरले. बियाण्यांना धक्का लागला नाही, पण बोगद्याची नव्याने बांधणी करावी लागली.

या परिस्थितीत प्रवाशांचा भार मर्यादित ठेवणे प्रशासनाला गरजेचे वाटते. टेम्पलफ्योर्डन, बिलेफ्योर्डन यांसारख्या काही फ्योर्डांतल्या बर्फावर १ मार्चनंतर मोटार वाहतुकीवर निर्बंध आहेत, कारण तिथे सील पिले घालतात आणि अस्वले शिकार करतात. संरक्षित क्षेत्रात जहाजांना जास्तीत जास्त २०० प्रवासी नेण्याची मुभा आहे आणि किनाऱ्यावर उतरण्याच्या जागा ठरवून दिल्या आहेत. १९४६ पूर्वीच्या मानवी वापराच्या खुणा, अगदी एखादी गंजलेली कोळसागाडी किंवा जुने हाडही, कायद्याने जतन केलेल्या आहेत. त्यांना हात लावायचा नसतो.

गटाची आखणी

या साऱ्यांतून गटाच्या आखणीची काही सूत्रे निघतात. पाच-सहा दिवसांचा मुक्काम असेल तर त्यांतला किमान एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा, कारण वादळामुळे सफर किंवा विमान रद्द होणे ही इथली नेहमीची गोष्ट आहे. परतीचे आंतरराष्ट्रीय विमान लॉंगयिअरब्येनहून निघण्याच्या दिवशीच घेऊ नये. मोठ्या गटाच्या छोट्या तुकड्या पाडून प्रत्येक तुकडीला स्वतंत्र मार्गदर्शक द्यावा. वयाने मोठे आणि तरुण, सराईत आणि नवखे यांची सरमिसळ करताना सफरीची लांबी सर्वांत कमी ताकदीच्या माणसाला झेपेल अशी ठरवावी. स्नोमोबाइल न चालवणाऱ्यांना मागे बसता येते, आणि ज्यांना तेही जमणार नाही त्यांच्यासाठी बंदिस्त, गरम केलेल्या बर्फवाहनातून जाण्याच्या सफरी असतात.

सर्वांत आधी ठरवायची गोष्ट म्हणजे निर्णयाचा अधिकार. सफर निघावी की नाही, कुठे वळावे, केव्हा परतावे हे मार्गदर्शक ठरवतो, आणि पैसे भरले आहेत किंवा लांबून आलो आहोत ही कारणे तिथे पुढे करायची नसतात. हे निघण्यापूर्वी घरीच प्रत्येकाला समजावून सांगितले पाहिजे. अर्ध्या वाटेवरून परत फिरलेली सफर फसली असे इथे कुणी मानत नाही. निघालेली सगळी माणसे आणि सगळी कुत्री सुखरूप परतली की सफर पुरी झाली असे समजतात.